सेवा चालू, प्रार्थना बंद

मंडळीच्या पंचकमिटीवर निवडून आलं की माणसाची पहिली सुटते ती प्रार्थना. हे मी ऐकून सांगत नाही, माझ्यावरून सांगतो.

मी लातूरचा. जन्मापासून ख्रिस्ती, शब्बाथ शाळेत वाढलेला, पुढं कमिटीचा सेक्रेटरी. मराठवाड्यात आमच्या मंडळ्या लहान. चार घरांनी हात आखडला की नाताळचा कार्यक्रमही उभा राहत नाही, त्यामुळं धावपळ करणाऱ्याला आपोआप मान मिळतो. वर्गणीच्या पावत्या, कंपाउंडची भिंत, भक्तिसभेचा मंडप, बाहेरून येणाऱ्या पाळकांची जेवणं, सगळं माझ्याकडं. उपदेश चालू असताना मी हजेरी मोजायचो. घरची संध्याकाळची प्रार्थना आधी उशिरा होऊ लागली, मग फक्त रविवारी, मग तीही राहिली. कुणी विचारलं नाही, कारण बाहेरून माझ्यात काहीच कमी दिसत नव्हतं.

नांदेडला मावसभाऊ विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात होता. त्याच्या बायकोनं माझ्याकडं बघून म्हटलं, “दादा, तुम्हीच प्रार्थना करा.” मी हात जोडले. वाक्यं भराभर आली, सभेत येतात तशी, ओळीनं. पण मी कुणाशी बोलतोय हेच मला जाणवेना. ‘आमेन’ म्हणून तिनं डोळे पुसले, तिला धीर आला. मी मात्र आतून हललो. घरी आल्यावर बायबल काढलं, तर रेक्झिनच्या कव्हरची चेन गंजून अडकलेली. दर रविवारी काखेत घेऊन जात होतो, पण वचन पडद्यावर दिसायचं, त्यामुळं उघडायची वेळच येत नव्हती. चेन ओढली तशी तुटली. आत प्रकटीकरणाच्या पानांत जुन्या मंडपवाल्याचं बिल होतं. तिथंच इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. त्या मंडळीचे श्रम, तिचा धीर, खोट्या प्रेषितांना ओळखण्याची तिची नजर, सगळ्याची प्रभू वाखाणणी करतो आणि तरीही सांगतो की तुझी पहिली प्रीती राहिली नाही. आळशी मंडळीला नव्हे, राबणाऱ्या मंडळीला हे सांगितलं आहे. मला ते पत्र त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला तेव्हापासून फार जवळचं वाटतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, ते पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. त्यांच्या कामाची कीर्ती अमेरिकेपर्यंत होती. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त स्वतः अजून भेटलेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांनी वाचलं होतं. हा गृहस्थ पाळक असूनही उपदेश करता करता स्वतःच पालटला होता. रमाबाईंनी ती गोष्ट दुसऱ्याची म्हणून बाजूला ठेवली नाही. पुढं जानेवारी १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुली मागितल्या, सुमारे सत्तर जणी पुढं आल्या, आणि जूनमध्ये तिथं मोठं पुनरुज्जीवन झालं. एवढ्या विद्वान बाईंना जे कबूल करायला कमीपणा वाटला नाही, ते कबूल करायला आपल्याला तो का वाटावा?

आता माझ्यासारख्यांना सांगायचं ते. मरगळ जाणवली की आपण नवा कार्यक्रम ठरवतो, बाहेरचा वक्ता बोलावतो, सात दिवसांच्या सभा लावतो. त्या चांगल्याच, पण मंडप सुटला की मन पुन्हा जागेवर. त्यापेक्षा मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, आणि उपदेश तयार करायचा नाही अशा बेतानं वाचा. प्रार्थना घरात बोलतो त्या बोलीत करा, सभेची भाषा बाजूला ठेवा. पहिले काही दिवस कोरडे जातात, तरी बसा. जिथं आपल्याला कुणी ‘साहेब’ म्हणत नाही अशी एक सेवा धरा: आजाऱ्याला डबा नेणं, म्हातारीला उपासनेला आणणं.

आणि अबोला मोडा. हे सगळ्यात अवघड, म्हणून यावर मी जास्त बोलतो. कमिटीच्या निवडणुकीवरून माझं एका जुन्या सोबत्याशी बिनसलं होतं. आम्ही एकाच मेजावरून प्रभुभोजन घेत होतो आणि दारात एकमेकांना टाळत होतो. तो पुढं नांदेडला राहायला गेला. मत्तयात प्रभूनं सांगितलंय की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. मी एसटीनं अहमदपूर-लोहा करत गेलो. त्यानं दार उघडलं, बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. मग त्यानंच आत बोलावलं. निवडणुकीत कोण बरोबर होतं हे अजूनही ठरलेलं नाही, ठरवायचंही नाही. पण त्या घरातून निघताना आम्ही मिळून जी प्रार्थना केली, तीत मला बऱ्याच काळानं प्रभू ऐकतोय असं वाटलं.

तुमच्या मंडळीत असा एखादा माणूस असेलच. येत्या रविवारी दानाची थैली तुमच्यापर्यंत येण्याआधी, शनिवारीच त्याच्या घरी जाऊन या.