भूर्जसालीवरून चित्रफलकावर

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांभोवतीच्या अरण्यप्रदेशात ओजिब्वे लोक शतकानुशतके राहत आले आहेत. स्वतःला ते अनिशिनाबे म्हणवितात. त्यांच्या भाषेत नामांना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. त्याऐवजी सचेतन व अचेतन असे दोन वर्ग आहेत, आणि दगड हा सचेतन वर्गात मोडतो. केवळ व्याकरणावरून श्रद्धेचे अनुमान काढू नये हे खरे. तथापि या लोकांची चित्रे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

सुपीरियर सरोवराच्या काठी अगावा येथे एक उंच कडा सरळ पाण्यात उतरतो. त्यावर गेरूने रंगविलेला मिशिपेशू आजही दिसतो. शिंगे असलेला, पाठीवर काट्यांची रांग असलेला हा रानमांजरासारखा जलवासी. सरोवरातील वादळे त्याच्या अधीन. आकाशातील मेघपक्षी हा त्याचा वैरी. चित्रांचे दुसरे स्थान म्हणजे बर्च वृक्षाची साल. (हा वृक्ष आपल्या भूर्जाच्याच कुळातला.) मिडेविविन या दीक्षितांच्या मंडळात सालीच्या गुंडाळ्यांवर चिन्हे कोरीत. गीते आणि विधी यांचा क्रम स्मरणात राहावा म्हणून केलेल्या त्या खुणा होत. अनधिकारी माणसाने त्या पाहिल्या, तरी त्याला त्यांचा अर्थ लागत नसे.

हे धन चित्रफलकावर आणले नॉर्व्हल मॉरिसो याने. ऑन्टारिओ प्रांतातील निपिगॉन सरोवराच्या परिसरात तो आजी-आजोबांजवळ वाढला. आजोबा परंपरेचे जाणकार होते. कथा त्यांच्याकडून मिळाल्या. मधली दोन वर्षे निवासी शाळेत गेली. आदिवासी मुलांना स्वभाषा आणि स्वधर्म विसरावयास लावणे हेच त्या शाळांचे धोरण होते. पुढे तरुणपणी तो मरणासन्न झाला असता उपचारविधीत त्याला ‘ताम्र मेघपक्षी’ हे नाव मिळाले. चित्रांवर तो हेच नाव क्री लिपीत लिहीत असे.

पवित्र कथा परक्यांसमोर मांडू नयेत, असे समाजातील अनेक वृद्धांचे म्हणणे होते. मॉरिसोने ते मानले नाही. मांडल्या नाहीत तर त्या नष्ट होतील, ही त्याची धास्ती. दोन्ही पक्षांना आपापले सत्य होते, असे आम्हांस वाटते. १९६२ साली टोरांटोत त्याचे पहिले प्रदर्शन भरले आणि सर्व चित्रे विकली गेली.

त्याच्या चित्रांत जाड काळी रेषा आकृतीला वेढते. देहाच्या आत अवयव दिसतात, जणू कातडी पारदर्शक आहे. माणूस, अस्वल, मासा यांच्यामधून रेषा वाहतात. त्या शक्तीच्या देवघेवीच्या रेषा. दुभंगलेले वर्तुळ द्वंद्वाचे द्योतक. १९६७ च्या मॉन्ट्रियल येथील जागतिक प्रदर्शनासाठी त्याने भूमातेचे स्तनपान करणारी अस्वलाची पिले योजिली, तेव्हा संयोजकांना ते रुचले नाही. मॉरिसो काम सोडून निघून गेला. ते भित्तिचित्र कार्ल रे याने पुरे केले. बाहेरच्यांना चिन्हे हवी होती, पण त्यांतील नाते नको होते!

कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००६ साली त्याचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्या दालनात असा मान मिळालेला तो पहिलाच ‘फर्स्ट नेशन्स’ चित्रकार. पुढल्याच वर्षी तो निवर्तला. २०२३ साली त्याच्या बनावट चित्रांच्या प्रकरणी पोलिसांनी आठ जणांवर आरोप ठेवले आणि हजाराहून अधिक चित्रे जप्त केली. उपचारविधीत मिळालेले ते नाव त्यांवर खोटेच लिहिलेले होते.