आधी यंत्र, मग आकाश

विश्वातल्या हायड्रोजनचा नकाशा काढायचा म्हणून माणसं खोडदला येतात, आणि पहिली काही वर्षं अँटेनांचाच अभ्यास करत बसतात. तिथल्या माझ्या रात्रपाळ्यांतून उरलेल्या या नोंदी.

१. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मधल्या चौकात दाटीनं, उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर. दोन-दोनच्या जोड्या होतात ४३५. एक अँटेना बिघडली की तिच्या सगळ्या २९ जोड्या एकदम बिघडतात. एकच जोडी वाईट दिसत असेल, तर अँटेनाला दोष देण्याआधी कोरिलेटर (जोड्यांचे संकेत एकत्र जुळवणारं यंत्र) तपासावा.

२. कॅलिब्रेटरचा वेळ कापू नये. ३सी४८, ३सी१४७, ३सी२८६ हे ठरलेले स्रोत. यांची तीव्रता माहीत असते, म्हणून बाकी सगळं यांच्यावरून मोजायचं. नवे विद्यार्थी हमखास इथंच काटकसर करतात.

३. रोख कितपत चुकला तर चालेल, हे फ्रिक्वेन्सीवर ठरतं. १४०० मेगाहर्ट्‌झला अँटेनाला दिसणारा आकाशाचा तुकडा पौर्णिमेच्या चंद्राहूनही लहान. १५० ला तो सुमारे तीन अंशांचा. वर रडवणारी चूक खाली जाणवतही नाही.

४. कमी फ्रिक्वेन्सीला आयनोस्फिअर छळतो. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी संकेताचा फेज घसरत असेल तर केबलवर चिडू नये.

५. सगळ्यात जास्त वेळ खातो तो जमिनीवरचा गोंगाट. विजेच्या तारेवर कुठं सैल जोडातून ठिणगी उडत असली, की ती सगळ्या बँडभर पसरते. दूरच्या जोड्यांत ती बरीचशी आपोआप पुसली जाते, कारण आपण आकाशाच्या फिरण्याचा हिशेब लावलेला असतो आणि ठिणगी काही आकाशाबरोबर फिरत नाही. जवळच्या जोड्यांत हा फरक फार हळू पडतो, म्हणून ती तिथं ठाण मांडते. गंमत (नको असलेली) अशी, की विश्वाची मोठी रचना दिसते ती नेमकी या जवळच्याच जोड्यांत. म्हणून त्या जोड्यांतला सुंदर दिसणारा संकेत मी आधी संशयानंच बघतो. मग ठिणगी शोधायला हातातली अँटेना घेऊन जीपनं तारेच्या कडेकडेनं जायचं. संगणकावर खराब डेटा फ्लॅग करत (खूण करून वगळत) बसण्यापेक्षा हा उपाय मला जास्त पटतो.

६. स्वच्छ करता करता संकेतच धुऊन निघतो. १५० मेगाहर्ट्‌झला आपल्या आकाशगंगेची चमक शेकडो केल्विन, आणि पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनचा संकेत मिलिकेल्विनमध्ये. चमक वजा करणारी प्रत्येक रीत थोडा संकेतही खाते. जीएमआरटीवरच्या अशा प्रयोगानं २०११ मध्ये या संकेतासाठी ७० मिलिकेल्विनची वरची मर्यादा दिली होती. खाल्लेल्या संकेताचा हिशेब धरल्यावर २०१३ मध्ये ती २४८ झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या पेपर या प्रयोगालाही २०१५ ची आपली मर्यादा नंतर मागं घ्यावी लागली. या दोन्ही दुरुस्त्या मला मूळ निकालांइतक्याच मोलाच्या वाटतात.

७. त्यामुळे आता खऱ्या डेटात आधी खोटा संकेत पेरायचा, मग सगळी प्रक्रिया चालवायची, आणि शेवटी तो किती उरला ते मोजायचं. निम्मा उरला तर येणारा आकडा दुप्पट करावा लागतो, आणि मग ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.