कार्ड पुसून देणारा पोरगा

नायगावात सोयाबीनचे पैसे खात्यावर पडायला लागले की एटीएमपुढं रांग लागते. त्या रांगेत एखादा पोरगा असा असतो, ज्याला पैसे काढायचेच नसतात. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. आमच्या काकूंना तो असाच भेटला. यंत्रानं कार्ड घेतलं नाही, मागची माणसं चुळबुळ करायला लागली आणि आवाज आला, "निघनात का मावशी? आणा इकडं, चिप मळलीय."

त्यानं कार्ड शर्टाला पुसलं, यंत्रात घातलं आणि "पिन तुम्हीच दाबा, मी बघत नाही" म्हणून मान फिरवली. त्या फिरवलेल्या मानेवरच काकूंचा विश्वास बसला. पिन बघणारा दुसराच होता, काकूंच्या उजव्या खांद्यामागं. हे नंतर फुटेजमध्ये दिसलं. पैसे निघाले, पोरानं कार्ड हातात दिलं, काकूंनी ते कमरेच्या पिशवीत टाकलं. रंग तोच, बँक तीच, फक्त नाव भलत्या माणसाचं. आधी फसलेल्या कुणाचं तरी ते बंद पडलेलं कार्ड असणार. काकूंना मराठी वाचता येतं, पण कार्डावरचं नाव इंग्रजीत.

बाकीचे पैसे रात्री निघाले. बाराच्या जरा आधी एकदा आणि बारा वाजून गेल्यावर पुन्हा, कारण पैसे काढण्याची मर्यादा दिवसावर असते. तारीख पालटली की तेच कार्ड नव्यानं चालतं. मेसेज आले होते, पण ते पुण्यात रात्रपाळीला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर, आणि कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मला तर वाटतं, काकूंचं खरं नुकसान त्या एटीएमच्या खोलीत झालं नाही, या नंबरानं केलं. आपल्याकडं शिकलेला मुलगा म्हणून खात्याला त्याचाच नंबर जोडायची पद्धत आहे, मग तो पुण्यात असो की हैदराबादेत. रात्री घरात असणाऱ्या माणसाचा नंबर जोडा. नातीचा असला तरी चालेल.

बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "पिन कुणाला सांगितला?" माणूस घाबरतो आणि "सांगितला असंल बाबा" म्हणून मोकळा होतो. असं म्हणू नका, घडलं तेवढंच लिहून द्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार जबाबदारी ग्राहकाची आहे हे बँकेनं सिद्ध करायचं असतं. ग्राहकाचा हलगर्जीपणा ठरलाच, तरी त्याच्या माथी कळवेपर्यंतचं नुकसान. कळवल्यानंतर गेलेला रुपया बँकेचा. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याचीच असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर काहीच भार नाही. म्हणून आधी फोन करून कार्ड बंद करायचं आणि तक्रारीचा क्रमांक वेळेसकट लिहून घ्यायचा. मग लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, मग पोलीस ठाणं. फुटेज जपून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी बँकेत द्या, कारण ते कायम राहत नाही. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८. काकूंचं भांडण अजून चालूच आहे.

गंमत बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले गेले, आपल्या कोल्हापुरातूनही. एकूण फटका ९४ कोटींच्या पुढं. पण खातेदारांच्या पैशाला धक्का नाही, असं बँकेनं तेव्हाच सांगितलं. तेवढी मोठी चोरी बँकेनं सोसली. शर्टाला कार्ड पुसण्याची चोरी मात्र काकूंच्या पदरात पडली.

तरी उपाय साधे आहेत. काकूंच्या नव्या कार्डाच्या कोपऱ्यावर सुनेनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, चिप आणि मागची काळी पट्टी सोडून. ज्याला इंग्रजी नाव वाचता येत नाही, त्याला ठिपका ओळखता येतो. पिन दाबताना दुसऱ्या हाताचा पंजा कीपॅडवर आडवा धरायचा. यंत्र अडलं तर 'रद्द'चं बटण दाबून कार्ड काढून घ्यायचं आणि बँक उघडी असताना आत जाऊन विचारायचं. मदत नको म्हणणं आपल्याकडं उद्धटपणाचं वाटतं, बायामाणसांना तर फारच. "पोरगा येतोय माझा मागून" एवढं खोटं बोललं तरी पुरतं.

खात्यातून पैसे वजा झाले आणि नोटा आल्याच नाहीत, तर हा प्रकार वेगळा आहे. तिथं घाबरून कुणाला हाक मारू नका. चिठ्ठी जपा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानं पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई. नोटा बाहेर येण्याची फट एकदा बोटानं चाचपून पाहा, कारण तिथं पट्टी चिकटवून नोटा आत अडकवणारेही आहेत.

कार्डाचा धसका घेऊन काही जणी आता बँक मित्राकडं अंगठ्यावरच पैसे काढतात. काढा, पण "ठसा उमटला नाही, परत ठेवा" असं म्हटलं की दर वेळी मोबाइलवर किंवा पावतीवर काय आलं ते आधी बघा, आणि पासबुक भरून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आधारचा ठसा कुलूपबंद करता येतो. ती सोय 'एमआधार'मध्ये आहे, आणि घरातलं कॉलेजला जाणारं कुणीही ती पाच मिनिटांत लावून देईल.