जठराचा कर्करोग : शस्त्रक्रियेपूर्वीची पाहणी

जठराच्या कर्करोगाचे निदान दुर्बिणीच्या तपासणीने आणि बायॉप्सीच्या अहवालाने पक्के झाले म्हणजे रुग्णाच्या घरी पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘ऑपरेशन कधी?’ हा, आणि डॉक्टर त्याचे उत्तर तारखेने न देता सीटी स्कॅनच्या चिठ्ठीने देतात, तेव्हा रोग आत वाढत असताना हा कालापव्यय कशासाठी, अशी शंका घरच्या मंडळींना येते. शंका स्वाभाविक आहे, आणि तिचे निरसन घाईने करू नये असे मला वाटते. कारण या रोगात शस्त्रक्रियेपूर्वीचे हे काही आठवडे उपचारातच मोजले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

कॅन्सरला चाकू लागला की तो पसरतो, असा एक समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो अडाणीपणाचा म्हणून झिडकारणे मला न्याय्य वाटत नाही, कारण त्याच्या मुळाशी खऱ्या दुःखाची हकीकत आहे: घरातल्या कर्त्या माणसाचे पोट उघडले, आत रोग सर्वत्र विखुरलेला आढळला, काहीही न काढता पोट पुन्हा शिवले, आणि थोड्याच महिन्यांत तो माणूस गेला. पाहणाऱ्यांनी घटनांचा क्रम दिसला तसा लावला. वस्तुतः रोग चाकूच्या आधीच पसरलेला होता, तो बाहेरून पाहण्याचे साधन मात्र कोणाच्या हाती नव्हते. व्हिएन्ना येथे २९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा रोगग्रस्त भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली; ती स्त्री शस्त्रक्रियेतून उत्तम सावरली, पण सुमारे चार महिन्यांनी पसरलेल्या रोगानेच दगावली. बिलरोथ १८९४ साली निवर्तले आणि क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली, म्हणजे त्या थोर शल्यविशारदाला पोट उघडण्यापूर्वी आपल्या बोटांवाचून दुसरा साक्षीदार नव्हता. आज तो आहे, आणि तरीही त्याची साक्ष न घेता शस्त्रक्रियेला हात घालणे मला अक्षम्य वाटते.

या पाहणीत रोगाची पायरी (स्टेज) ठरवायची असते, ती तीन गोष्टींवरून. जठराच्या भिंतीत रोग किती खोल शिरला आहे, जवळपासच्या लसिका ग्रंथींत तो पोहोचला आहे काय, आणि यकृत, फुप्फुस किंवा उदराचे अस्तर अशा दूरच्या ठिकाणी त्याने ठाणे दिले आहे काय. भिंतीला आतले श्लेष्मल अस्तर, त्याखालचा सैल थर, मग स्नायूंचा जाड थर आणि सर्वांत बाहेरचे पातळ आवरण असते. रोग आतल्या अस्तरातच असेल तर काही निवडक लहान गाठी दुर्बिणीतूनच काढता येतात, आणि तोच बाहेरचे आवरण भेदून गेला असेल तर पोटाच्या पोकळीत त्याच्या पेशी सांडण्याचा धोका फार वाढतो. एका भिंतीतील काही मिलिमीटरच्या अंतराने उपचाराची सारी दिशा बदलते, ती अशी.

यासाठी पहिली आणि मुख्य तपासणी म्हणजे छाती, पोट आणि ओटीपोट यांचा सीटी स्कॅन. काही तास उपाशी ठेवलेल्या रुग्णाला स्कॅनच्या थोडे आधी बरेचसे साधे पाणी पाजतात, आणि नेमके तेच अनेकांना चमत्कारिक वाटते. पण रिकामी पिशवी मिटली की तिच्या घड्या जशा जाड दिसतात, तशी रिकाम्या जठराची निरोगी भिंतही रोगट भासू शकते, म्हणून ते पाणी कंटाळा न करता प्यावे. शिरेतून आयोडिनयुक्त औषध देतात, त्याने अंगात क्षणभर ऊब पसरते, तिने घाबरू नये. मूत्रपिंडाचा विकार, दमा, पूर्वी अशा औषधाची आलेली रिअ‍ॅक्शन आणि मधुमेहाच्या गोळ्या यांचा तपशील मात्र आधी सांगावा. ‘सोनोग्राफी तर नॉर्मल होती’ असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीला जठरातील हवा आड येते, म्हणून त्या अहवालावर या रोगात विसंबता येत नाही.

सीटीलाही मर्यादा आहेत, आणि त्या वाचकांना ठाऊक असाव्यात. लसिका ग्रंथीत रोग आहे की नाही याचा अंदाज मुख्यतः तिच्या आकारावरून बांधतात. परंतु लहान ग्रंथीतही कर्कपेशी असू शकतात, आणि मोठी झालेली ग्रंथी केवळ दाहाने सुजलेली असू शकते. रोग अगदी वरवरचा वाटत असेल, तर दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे यंत्र बसवून आतूनच भिंतीचे थर पाहतात. ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर व अनुभवावर फार अवलंबून असते. पेट स्कॅनचा आग्रह हल्ली घरचेच धरतात, पण जठराच्या कर्करोगाचे काही प्रकार, विशेषतः भिंतीत विखरून पसरणारे, त्यातील साखरयुक्त किरणोत्सारी औषध फारसे शोषून घेत नाहीत, आणि मग चित्र स्वच्छ दिसले तरी रोग नाही असे म्हणता येत नाही.

स्कॅनची सर्वांत मोठी उणीव उदराच्या अस्तराबाबत आहे. तेथे तांदळाच्या कणीएवढे ठिपके विखुरलेले असले तरी ते कोणत्याही स्कॅनमधून निसटू शकतात. म्हणून भिंतीत खोल गेलेल्या रोगात, सीटी निर्दोष दिसत असला तरी, पोटाला लहान छिद्रे पाडून लॅपरोस्कोपीने आत पाहण्याची आणि सलाइनने पोकळी धुऊन ते पाणी पेशींच्या तपासणीस पाठवण्याची शिफारस केली जाते. डोळ्यांना काही न दिसता त्या पाण्यात कर्कपेशी सापडल्या, तरी रोग चौथ्या, म्हणजे शेवटच्या, पायरीचा धरतात. ‘आधी छिद्रे, मग पुन्हा मोठे ऑपरेशन, असा दुहेरी त्रास कशाला?’ हा प्रश्न मी नित्य ऐकतो. या छोट्या प्रक्रियेनंतर माणूस बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो; व्यर्थ उघडलेल्या पोटाची जखम भरायला आठवडे लागतात, आणि जी औषधे तत्काळ सुरू व्हायला हवीत ती तोवर तहकूब राहतात.

औषधांचा विषय निघाला म्हणून सांगतो, पायरी ठरवण्याचे मोल अलीकडच्या वर्षांत वाढले ते यांच्यामुळेच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमोथेरपी घेतलेल्यांपैकी ३६ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. २०१९ साली जर्मनीतून आलेल्या अभ्यासाने नव्या औषधयोजनेचा आणखी लाभ दाखवला. तेव्हा भिंतीच्या खोल थरांत किंवा ग्रंथींत रोग दिसत असेल आणि दूर कोठे तो गेलेला नसेल, तर सामान्यतः आधी औषधे, मग फेर सीटी आणि त्यानंतर शस्त्रक्रिया हा क्रम हिताचा ठरतो. ‘आधी काढून टाका, मग बघू’ ही घरच्यांची घाई प्रेमापोटी असली तरी अशा वेळी रुग्णाचे नुकसान करू शकते.

स्कॅनला जाताना दुर्बिणीचा व बायॉप्सीचा अहवाल बरोबर न्यावा, म्हणजे चित्र वाचणाऱ्या तज्ज्ञाला कोठे निरखून पाहायचे ते कळते. आणि परत येताना छापील अहवालाबरोबर सीडीही मागून घ्यावी, कारण शल्यचिकित्सकाला स्वतःच्या डोळ्यांनी ती चित्रे पाहायची असतात. दुसऱ्या शहरात सल्ल्यासाठी जायचे ठरले तर याच सीडीमुळे बहुधा स्कॅन पुन्हा करावा लागत नाही. मधल्या दिवसांत रुग्णाला थोडे थोडे पण वारंवार खाऊ घालावे, वजन दर आठवड्याला नोंदवावे, तंबाखू आणि विडी त्याच दिवशी बंद करावी. खाल्लेले सर्व उलटून पडू लागले, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर स्कॅनच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.