ॲल्युमिनियम-ग्राफाइटचा बुश : भट्टी घेण्याआधी एवढं तपासा

ग्राफाइट मिसळलेल्या बुशचा व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, भट्टी केवढ्याची घ्यायची?" थांबा. आधी माल समजून घेऊ.

ॲल्युमिनियम हलकं, पण तेल कमी पडलं की शाफ्टला चिकटतं, ओरखडे पडतात. ग्राफाइटचे थर मात्र पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात. बुश घासला जातो तसं आतलं ग्राफाइट वर येऊन पातळ थर पसरतो आणि झीज कमी होते.

ऐकायला सोपं वाटतं. आमच्या बॅचमधल्या एकाने पावडर पिशवीतून थेट वितळलेल्या धातूत ओतली. सगळी वर मळीत तरंगली! कारण अळवाच्या पानावर पाणी जसं धरत नाही, तसं वितळलेलं ॲल्युमिनियम ग्राफाइटला धरत नाही. म्हणून पावडर आधी चांगली तापवायची, साधारण १ टक्का मॅग्नेशियम घालायचं आणि धातूत भोवरा होईल असं ढवळत हळूहळू सोडायची. १९६०च्या दशकात अमेरिकेत प्रदीप रोहतगी यांनी ग्राफाइटवर निकेलचा मुलामा देऊन हाच प्रश्न सोडवला होता. आणि दमट पावडर कधीच नाही, धातू अंगावर उडतो. गंमत नाही ही.

जास्त ग्राफाइट म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. ताकद घटते. म्हणून काही जण सोबत सिलिकॉन कार्बाइड घालतात. पण ते लेथवर टूल खातं, तो खर्च भावात धरा.

आता मुद्द्याची गोष्ट. माल आतून पोकळ आहे का, हे साध्या वजनकाट्यावर कळतं. वजनाने ५ टक्के ग्राफाइट असेल तर घनता साधारण २.६७ यायला हवी. म्हणजे हवेत २६७ ग्रॅम भरणारा तुकडा दोऱ्याने पाण्यात टांगून मोजला तर १६७ ग्रॅम दिसला पाहिजे. १६० दिसला? मग आत साडेसहा टक्के जागा हवेने खाल्ली. असा बुश गिऱ्हाइकाकडून परत येणारच. त्यात तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या भागाचं वजन वेगळं करून पाहा. फरक आला तर पावडर सगळीकडे सारखी पसरलेली नाही.

तोवर दुसऱ्याच्या फाउंड्रीत भाड्याने ओती काढा. सलग तीन-चार ओतींचे आकडे जुळले, की मग भट्टीचं कोटेशन मागवा. आणि पाकिटावर "तेलाची गरजच नाही" असं छापू नका, "तेल कमी पडलं तरी तग धरतो" एवढंच छापा.