दोन धुऱ्यांमधील उत्तर

कोणतेही समीकरण सोडविण्यास बसण्यापूर्वी त्याला उत्तर आहे काय, हे विचारले पाहिजे. नसलेले उत्तर शोधणे हे व्यर्थ श्रम होत. सीमामूल्य प्रश्नात दोन्ही टोकांच्या किमती आधीच ठरलेल्या असतात, म्हणून तेथे ही शंका अधिकच रास्त ठरते.

आता काळाचा विचार करू. आपल्या मूल भागात धान पेरणीपासून कापणीपर्यंत सलग वाढते. मग बांधी रिकामी होते आणि धानाचा हिशेब एकदम पुढच्या पावसाळ्यावर उडी घेतो. सलग काळासाठी अवकल समीकरणे व उड्यांच्या काळासाठी अंतर समीकरणे, असे हे दोन वेगळे विषय. जर्मन गणिती श्टेफान हिल्गर यांनी १९८८ साली दोहोंना एकाच शास्त्रात बसविले. त्यातील काळाच्या संचाला 'टाइम स्केल' म्हणतात.

उदाहरण घेऊ: य″ = य³ − १, य(०) = ०, य(२) = ०. उत्तर ठाऊक नसले तरी दोन अंदाज करता येतात. सर्वत्र ० घेतल्यास डावी बाजू ० व उजवी −१; डावी मोठी, टोकेही जुळतात, म्हणून ही खालची उकल. सर्वत्र १ घेतल्यास दोन्ही बाजू ० होतात, पण टोकांना किंमत जास्त राहते. ही वरची उकल. दोन्ही अंदाज चुकीचे आहेत. तरीही, उजवी बाजू सलग असल्यास, खरी उकल या दोन धुऱ्यांमध्ये असतेच, असे प्रमेय आहे.

ती धुरा का ओलांडत नाही? समजा, य चे शिखर १ च्या वर गेले. तेथे य³ − १ धन, म्हणजे आलेख वर वळला पाहिजे. शिखर तर वर वळत नाही. काळ सलग असो वा तुटक, युक्तिवाद हाच.

काळाचे ०, १, २ असे तीनच क्षण घेतले, तर य″ च्या जागी य(२) − २य(१) + य(०) येते. मधल्या क्षणी य³ + २य = १, म्हणजेच य = (१ − य³) ÷ २. उजवीकडे ० घाला, ०·५ मिळेल; ०·५ घाला, ०·४३७५ मिळेल; तो घाला, सुमारे ०·४५८ मिळेल. धुरे जवळ येत जातात. उत्तर सुमारे ०·४५३.

धुरे असे जवळ आणण्याच्या रीतीवर लड्डे, लक्ष्मीकांतम् व वत्सला यांचा १९८५ चा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांतील लक्ष्मीकांतम् हे १९६० च्या दशकात औरंगाबादच्या तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात प्राध्यापक होते.

अचूक उत्तर हाती येत नाही म्हणून प्रश्न सोडून देऊ नये. कोणता अंदाज कमी पडतो व कोणता जास्त होतो, एवढे सिद्ध करता आले, तरी उत्तर आहे याची खात्री मिळते.