सायकलच्या मोटारीतील झिजलेले दातेरी चाक

विजेवर चालणाऱ्या सायकली आता आपल्या सिकंदराबादेत सर्रास दिसतात. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेल्या अशा सायकलीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही, त्यामुळे पुष्कळ पालकांनीही त्या घेतल्या आहेत. काही सायकलींची मोटर चाकात बसवलेली असते. काहींची पायडलच्या आसापाशी, म्हणजे सायकलच्या मधोमध असते. तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. यामाहा कंपनीने जपानमध्ये १९९३ साली मोटारीचा जोर पायडलला देणारी सायकल बाजारात आणली, तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. या अंकात आपण या दुसऱ्या प्रकाराचाच विचार करू.

निमित्त असे झाले. आपल्या एका विद्यार्थिनीचे वडील अशा सायकलीवरून जेवणाचे डबे पोहोचवतात. मोटर गुरगुरू लागली, बेगमपेठचा उड्डाणपूल चढताना जोर मिळेना. दुकानात सांगितले गेले की ही मोटर उघडत नाहीत, पूर्ण बदलतात. आणि किंमत सायकलीच्या जवळजवळ निम्मी. सायकल बंद म्हणजे रोजचे निम्मे डबे बंद. आमच्या कार्यानुभवाच्या शिक्षकांनी ती मोटर शनिवारी शाळेत आणायला सांगितली.

मोटारीच्या आत काय असते, ते आधी गणिताने पाहू. माणूस पायडल मिनिटाला सुमारे ८० वेळा फिरवतो. मोटर मात्र वेगाने फिरली तरच नीट काम करते. उदाहरणादाखल मिनिटाला २४०० फेरे धरा. २४०० चे ८० करायचे म्हणजे वेग तीसपट कमी करायचा. हे एका जोडीत होत नाही, म्हणून दोन टप्पे करतात. पहिल्या टप्प्यात १२ दातांचे चाक ७२ दातांच्या चाकाला फिरवते, वेग सहापट घटतो. दुसऱ्यात १४ दातांचे चाक ७० दातांच्या चाकाला, म्हणजे पाचपट. सहा गुणिले पाच, तीस. वेग जितका घटतो तितका टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर वाढतो. २५० वॅटला मोटारीच्या दांड्यावर सुमारे १ न्यूटन मीटर टॉर्क असतो, तो पायडलच्या आसावर सुमारे ३० होतो. (घर्षणात जाणारा भाग येथे सोडला आहे. हे उदाहरण स्वतः सोडवून पाहा.)

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेथे दातेरी चाकाला गरारी म्हणत. राणीगंजच्या दुकानात तुम्ही गियर किंवा पिनियन म्हटले तरच माणूस वस्तू काढून देतो. पुस्तकातले नाव परीक्षेसाठी आणि बाजारातले कामासाठी, दोन्ही ठाऊक असावीत.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ मिड-ड्राइव्ह मोटारींत पहिल्या टप्प्यातील मोठे चाक नायलॉनचे असते. आमच्यापुढे उघडलेल्या मोटारीतही तसेच होते. दातांची एक बाजू झिजून सुरीच्या पात्यासारखी झाली होती, तीन दातांचे शेंडे उडाले होते, आणि ग्रीसमध्ये पांढरा भुगा मिसळला होता. नववीच्या मुलांनी लगेच विचारले, सर, एवढ्या महागड्या वस्तूत प्लास्टिक कशाला? लोखंडाचेच बसवा ना.

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वाटते तसे नाही. पहिल्या टप्प्यात वेग सर्वांत जास्त आणि जोर सर्वांत कमी असतो. वरच्या उदाहरणातील लहान चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटर धरली तर दातावर सुमारे १७ किलो वजनाइतका दाब येतो. तेवढा नायलॉन सोसते. शिवाय पोलादावर पोलाद अशा वेगाने फिरले तर किती कर्कश वाजेल, ते शिवणयंत्राच्या जुन्या मोटारीवरून आठवा. दुसऱ्या टप्प्यात टॉर्क सहापट होतो, म्हणून तेथे धातूच असतो. आणखी एक कारण आहे, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. साखळी अडकली किंवा एकदम झटका बसला, तर आधी नायलॉन जाते आणि बाकीचे बरेचदा वाचते, जसा घरातला फ्यूज. पितळेची किंवा पोलादाची चाके बदली म्हणून मिळतात आणि टिकतातही. पण तो झटका मग पुढे क्लचवर, बेअरिंगवर, दांड्यावर जातो. स्वस्त भाग वाचवून महाग भाग धोक्यात घालायचा का, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही नायलॉनच ठेवले.

चाक बदलण्याआधी ते का झिजले हे शोधणे भाग होते, नाहीतर नवे चाकही काही महिन्यांत तसेच होईल. येथे दोन कारणे निघाली. झाकणाखालचे गास्केट फाटलेले होते, तेथून पावसाचे पाणी शिरून ग्रीस धुऊन गेले होते. आणि डब्यांच्या ओझ्यासह चढ असतानाही मागचा गियर बदलला जात नव्हता. पायडल हळू, मोटर हळू, विजेचा प्रवाह मात्र जास्त. अशा वेळी मोटर तापते. नायलॉन वितळायला बरीच उष्णता लागते, पण त्याचे बळ त्याच्या फार आधी घटू लागते. त्यात आपल्याकडचा मे महिना!

दुरुस्तीचा क्रम लक्षात ठेवा. प्रथम बॅटरी काढून दूर ठेवायची. विद्यार्थ्यांनी बॅटरी कधीही उघडायची नाही. मग पुलरने क्रँक काढायचा, हातोडीने नव्हे. प्रत्येक पायरीचा फोटो घ्यायचा. चाकाच्या मधोमध एका दिशेनेच पकडणारा क्लच असतो, तो उलटा बसला तर मोटर फिरेल पण सायकल हलणार नाही. जोडीचे पोलादी पिनियन नखाने तपासायचे. खरखरीत लागले तर तेही बदलायचे, कारण ते नव्या चाकाला कानशीसारखे घासेल. नवे ग्रीस प्लास्टिकला चालणारे हवे, आणि ते दातांना लागेल इतकेच.

आमच्या मोटारीचे चाक तयार मिळेना. तेव्हा दातांची संख्या, बाहेरचा व्यास, भोक, जाडी, दातांचा तिरकेपणा आणि तो डावा की उजवा, हे सर्व मुलांनी व्हर्नियरने व कागदावरच्या ठशाने मोजले. बालानगरच्या एका लहान कारखान्यात नायलॉनच्या कांबीतून हॉबिंग यंत्रावर चाक कापून मिळाले. सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही १९६८ साली स्थापन झालेली संस्थाही बालानगरचीच. आपल्या शहरात अशा कामाची कमतरता नाही. लालागुड्याचा रेल्वे कारखाना तर १८९३ पासूनचा आहे.

पालकांपैकी काहींनी विचारले, शाळेत मोटर कशाला उघडता, मुले मेकॅनिक होणार का? होईनात का. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी त्यानंतरची.

ज्यांच्याकडे अशी सायकल आहे त्यांनी पावसाळ्याआधी झाकणाचे गास्केट तपासून घ्यावे, आणि चढ लागण्यापूर्वी गियर हलका करावा. गुरगुर ऐकू आली की त्याच आठवड्यात मोटर दाखवावी, दात उडेपर्यंत थांबू नये. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र ती स्वतः उघडू नये. सन्माननीय विश्वस्तांपुढे पुढील सभेत आम्ही एक बाकाचा शेगडा, एक बेअरिंग पुलर आणि दोन व्हर्नियर यांची मागणी ठेवणार आहोत. सध्या पुलर शेजारच्या गॅरेजमधून मागून आणावा लागतो.